पाय झाकू नका

चहाचा कप टेबलावर ठेवताना तिची करंगळी आधी टेकायची आणि मग कप. आवाज म्हणून यायचा नाही. आमच्यासारख्या फ्रेमिंगच्या वर्कशॉपमध्ये याचं मोल काय, ते कटर हातात धरल्याशिवाय कळायचं नाही. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, कापताना कोणी नुसता कप आपटला तरी हात दचकतो आणि अख्खा ताव वाया जातो. बाकी कोणी चहा आणला की मी आधी कटर खाली ठेवायचो. ती आली तर ठेवत नसे.

तिला आम्ही सगळे इबू म्हणायचो. इबू म्हणजे आई. तिकडे इंडोनेशियात, जावामध्ये वयाने मोठ्या बाईला अशीच हाक मारतात. मला ती ‘मास’ म्हणायची, म्हणजे दादा. साठीला टेकलेली बाई आपल्याला दादा म्हणते याची सुरुवातीला लाज वाटली, मग सवय झाली. आमच्याकडे येण्याआधी इथे दुबईतच भारतीय घरांमधून वीस वर्षं काम केल्यामुळे हिंदी तिला फाडफाड यायचं. फक्त ते तिचं स्वतःचं हिंदी होतं.

घाई तिला ठाऊक नव्हती. मॅनेजर ओरडायचे, ‘‘यल्ला, इबू, यल्ला! कस्टमर बैठा है!’’ ती मान हलवून म्हणायची, ‘‘आलोन-आलोन, सर.’’ म्हणजे सावकाश, सावकाश. आणि गंमत अशी, की आमच्या सगळ्यांत काम तिचंच आधी उरकलेलं असायचं. जमिनीवरचे लाकडाचे तुकडे वेचताना ती आपल्यासारखी कमरेतून वाकायची नाही. पाठ ताठ, गुडघे बाहेर, आणि अख्खी बाई लिफ्टसारखी खाली.

तुम्ही म्हणाल, एवढं डोळ्यांसमोर असताना तुझ्या लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. पुण्याला कलेची पदविका घेतलेला माणूस मी. मला भिंतीवरची चित्रं दिसायची, चहा आणणारी बाई दिसायची नाही.

रमजानची ईद झाली आणि अल ऐनहून एक वृद्ध अमिराती गृहस्थ चित्र घेऊन आले. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा साफ. आम्ही त्यांना हाज्जी म्हणू लागलो. चित्र त्यांच्या दिवंगत पत्नीने युरोपात विकत घेतलेलं. कोणा युरोपियन चित्रकाराने शंभरेक वर्षांपूर्वी जावाला जाऊन तिथल्या एका नर्तकीला समोर उभं केलं होतं आणि पेस्टल खडूंनी जाड कागदावर उतरवलं होतं. गुडघे वाकवून ती अर्धवट खाली गेलेली, मान किंचित कललेली, कमरेच्या लांब पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरलेलं. चेहऱ्यावर अशी शांतता, की समोर आपण कुजबुजतच बोलावं. पण नजर पायांवर आली की सगळा रंगाचा बेरंग. बोटं पसरट, जमिनीला चिकटलेली, निसरड्या चिखलात उभ्या असलेल्या बाईसारखी.

‘‘चेहरा देखिए, हाथ देखिए,’’ हाज्जी म्हणाले, ‘‘और फिर ये पाँव! घर में जो आता है, हँसता है. मरहूम बीवी की पसंद पर लोग हँसें, मुझे अच्छा नहीं लगता.’’

मत विचारलं आणि पुणेकराने दिलं नाही, असं कधी झालंय का? ‘‘पाँव कमज़ोर हैं,’’ मी म्हणालो. ‘‘बड़े-बड़े आर्टिस्ट पाँव में मार खाते हैं. माउंट थोड़ा ऊपर लेंगे, पाँव ढक जाएँगे.’’ हाज्जी खूश झाले. मॅनेजर त्याहून खूश झाले.

माउंट कापून मी तो चित्रावर नुसता ठेवून पाहत होतो, तेव्हा इबू चहा घेऊन आली. गेले चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ती त्या चित्रासमोर उभी असायची. आपल्या देशातलं आहे म्हणून पाहत असेल, असं मला वाटलं.

‘‘मास, पाँव किधर गया?’’

‘‘ढक दिया, इबू. खराब था.’’

‘‘खराब नहीं है.’’

मी हसलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे मला पाहता येईना आणि मी चित्रातल्या पायांना वाकडं म्हणत होतो. ते मला त्या दिवशी कुठलं कळायला?

दुसऱ्या दिवशी हाज्जी माउंट पसंत करायला आले. एकदा त्यांनी होकार दिला की फ्रेम बंद होणार आणि ते पाय पुन्हा कोणाला दिसणार नव्हते. कस्टमरसमोर कामगाराने तोंड उघडायचं नाही, हा मॅनेजरचा सक्त नियम. त्यातून इबू महिनाअखेर कायमची परत जाणार होती. व्हिसाचे कागद, तिकीट, सगळं मॅनेजरच्या हातात. अशा वेळी माणूस खाली मान घालून दिवस ढकलतो.

तिने हाज्जींसमोर चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिली. ‘‘बाबा, पाँव मत ढको. वो थक गयी है.’’

‘‘इबू, खलास! अंदर जाओ,’’ मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाले.

हाज्जींनी हात वर केला. ‘‘क्या कहा इसने?’’

इबूने चपला काढल्या, मोजे काढले, भुसा पडलेल्या फरशीवर उभी राहिली. ॲप्रनच्या नाडीचं टोक दोन बोटांत धरलं. गुडघे उघडले आणि ती खाली गेली. मान कलली, डोळे झुकले.

आता हे कसं सांगू तुम्हाला? ॲप्रन तोच होता, डोक्याचा रुमाल तोच. पण आमची इबू तिथे नव्हती. मॅनेजरच्या हातातला फोन वाजत राहिला आणि त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही पायांचे अंगठे तिने डौलात वर उचललेले होते. तिकडच्या नाचात पाय असाच हवा, हे ती मला नंतर म्हणाली. चित्रातल्या पायांशी त्यांचं काहीच जुळत नव्हतं.

ती हलली नाही. तीन मिनिटं गेली, चार गेली. चेहरा तसाच शांत, हात तसाच हवेत, नाडीचं टोकसुद्धा थरथरत नव्हतं. आणि मग डाव्या पायाचा अंगठा खाली यायला लागला. ती आणत नव्हती, तो येत होता. पाठोपाठ बाकीची बोटं पसरली आणि त्यांनी फरशी घट्ट धरली. मग उजवा पाय.

मी चित्राकडे पाहिलं. माउंट उचलला. तेच पाय होते, बोटागणिक तेच.

‘‘चेहरे को सिखाते हैं,’’ ती तशीच उभी राहून म्हणाली. ‘‘हाथ को सिखाते हैं. पाँव थकता है, तो किसी का नहीं सुनता.’’

आणि मग तिला सरळ होता येईना. गुडघे धरले होते. मी पुढे झालो, पण माझ्याआधी ऐंशीच्या घरातले हाज्जी उठले होते. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि तिच्या मागे नेऊन ठेवली. ती बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘उस लड़की को कितनी देर खड़ा रखा होगा?’’

‘‘पेंटर को मालूम. हम तो थोड़ा सा किया.’’

हाज्जी बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. डोळे पुसले. मग मला म्हणाले, ‘‘पूरा दिखाओ. पाँव के नीचे जितनी ज़मीन है, वो भी.’’

त्या संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्सच्या आमच्या घरी मी हे सांगितलं, तेव्हा लेक म्हणाली, ‘‘बाबा, शी वॉज अ डान्सर, अँड यू गाइज नेव्हर आस्क्ड?’’ सात वर्षांची असल्यापासून इबू नाच शिकत होती. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला आणि पोटासाठी इकडे आली. एवढं कळायला मला चार वर्षं लागली होती. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, ‘‘मास, तुम हाथ अच्छा देखता है. पाँव भी सीख जाएगा.’’

महिनाअखेर ती गेली. मॅनेजर स्वतः गाडी काढून तिला विमानतळावर सोडून आले.

चित्र टांगायला मी अल ऐनला गेलो. हाज्जींनी ते मुद्दाम खाली टांगायला लावलं, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर पाय येतील इतकं. मग म्हणाले, ‘‘उस बहन को फोन लगाओ. देख तो ले.’’

व्हिडिओ कॉल लागला. ती ओसरीवर बसली होती, मागे केळी. मी चित्राचा चेहरा दाखवला. ‘‘नीचे, मास,’’ ती म्हणाली. मी फोन खाली नेला. पाय नीट दिसावेत म्हणून मलाही गुडघ्यांत वाकावं लागलं. ‘‘बस, इधर.’’

ती पाहत राहिली. मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या मांड्या भरून आल्या, पोटऱ्या थरथरू लागल्या, पण फोन हलवायची हिंमत होईना.

‘‘थक गया, मास?’’

‘‘नहीं, इबू,’’ मी अगदी शांतपणे म्हणालो. बूटमोजे दाराशी काढले होते. खाली पाहिलं, तर माझ्या पायांच्या बोटांनी गालिचा घट्ट धरला होता.