उभ्याने चिरलेली उकडहंडी

शिरगावात मंदाकाकूंना विळीशिवाय फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं. विळीचा पाट पायाखाली दाबलेला, आणि हातातलं सुरण पात्यावर असं सरकायचं की बोलण्यात खंड पडत नसे. तसा त्यांच्या बोलण्यात कशानेच खंड पडत नसे म्हणा. थंडी पडली की त्यांच्याकडे उकडहंडी व्हायची. कोनफळ, सुरण, रताळी, वांगी, वालपापडी, सगळं हिरव्या वाटणात घोळून मडक्यात वाफवलेलं. मडकं उघडलं की पहिलं रताळं चिरणारीला, असा घरचा रिवाज होता, आणि सासूबाई गेल्यापासून ते रताळं काकूंचंच.

सून कीर्ती बोईसरला कंपनीत कामाला. सरावलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तिला विळीवर बसताच येत नसे. ‘उभ्याने चिरणारी सून’ हे नाव काकूंनीच पाडलं आणि त्यांनीच गावभर पोचवलं.

मग काकूंचे गुडघे बदलले. यापुढे जमिनीवर बसायचं नाही, असं पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्या आल्या काकूंनी विळी माळ्यावर टाकायला लावली आणि यंदा उकडहंडी नाही म्हणून सांगून टाकलं. त्यांचे यजमान नरहरी म्हणाले, कुणाकडून तरी चिरून घेऊ. काकू गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणताच घर घाबरलं. आपल्या हाताशिवाय स्वयंपाकघर चालायला लागलं, तर आपण आता कशाला उरलो, हे त्यांना आतून खात होतं.

कीर्तीने बोईसरहून एक मोठी सुरी आणली. ओट्याशी उभ्या राहून काकूंनी वांगं घेतलं आणि अंगठाच कापून घेतला. जन्मभर पातं जागेवर आणि भाजी पुढे, अशी सवय. हातात सुरी असली तरी डावा हात वांगं पात्यावर ढकलतच राहिला. काकूंनी सुरी मोरीत टाकली. "ही माझ्या हाताची नाय," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

कीर्ती समजूत घालत बसली नाही. रविवारी तिने माळ्यावरून विळी काढली, खाली बसली आणि सासूला म्हणाली, मला शिकवा. कंबर मोडून आली, बोट सोललं, पांढरा भोपळा वेडावाकडा चिरला गेला. काकू खुर्चीतून मनसोक्त हसल्या. पण त्यांचा हात कसा चालतो, ते सुनेला कळलं.

पुढच्या खेपेला तिने आणखी दोन सुऱ्या आणल्या. एक अगदी लहान पात्याची. ती मुठीत स्थिर धरायची आणि अंगठ्याने वांगं, पापडी तिच्याकडे ओढून घ्यायची. ती काकूंच्या हातात पहिल्याच दिवशी बसली, कारण तिच्यातही भाजीच पात्याकडे जात होती. दुसरी रुंद आणि जड, सुरण-कोनफळासाठी. फळीखाली ओलं फडकं घालायचं, कंद हलू द्यायचा नाही, जोर सुरीच्या वजनाला करू द्यायचा. ही शिकायला दिवस गेले, चिडचिड झाली. आधीची मोठी सुरी कोथिंबीर आणि पातीच्या लसणीच्या कामी आली. नारळ मात्र यातली एकही खवणार नव्हती. विळीच्या खवणीवर बसून करायचं ते काम कीर्तीने स्वतःकडे घेतलं.

उकडहंडी झाली. सुरणाचे तुकडे एकासारखे एक, कुठे कच्चं नाही. नरहरींनी पहिलं रताळं काकूंच्या ताटात वाढलं. काकूंनी ते उचललं आणि खाली विळीपाशी बसलेल्या कीर्तीपुढे धरलं. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून तिलाच उठावं लागलं.

"आई, चिरलं तर तुम्ही," कीर्ती म्हणाली.

"चिरलं मीच. पण तू खाली बसलीस, म्हणून मी आज इथं उभी हाय. तुझे उपकार मी विसरायची नाय."

त्या दिवसापासून गावात काकू स्वतःची ओळख ‘उभ्याने चिरणारी सासू’ अशी करून देतात, तीही न थांबता.