पुतळानं सांगायच्या आधी

गोजरा सानपाड्याची. लग्न होऊन ती बोनकोड्याला आली तेव्हा देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. सासरी नवरा कान्हा, सासू सखू आणि मिसरूड न फुटलेला दीर गोटीराम. पावसाळ्यात भातशेती आणि पाऊस सरला की मिठागर, असं त्या घराचं वर्ष जायचं. गोजरा उंच, हाडापेराची मजबूत. मिठानं भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती चिखलाच्या निसरड्या बांधावरून चालायची तेव्हा तिची मान जरासुद्धा हलत नसे. "माझी सून दोन गड्यांचं काम करते," असं सखू विहिरीवर येईल त्या बाईला सांगायची. गोजराला ते कितीदाही ऐकायला चालायचं.

पुढं गोटीरामाचं लग्न झालं आणि कामोठ्याची पुतळा घरात आली. दिसायला काही विशेष नव्हती. ठेंगणी, सावळी, पुढचे दात जरासे वर आलेले. पण ती हसली की समोरच्यालाही हसू फुटायचं. वर्षभरात विहिरीवरचं सखूचं कौतुक पुतळाकडं वळलं. पुतळानं केलेलं बोंबलाचं कालवण, पुतळानं सारवलेलं अंगण, नंतर पुतळाला झालेला मुलगा. गोजराला एक मुलगी होती, काशी. तिच्यानंतर दोनदा दिवस राहिले, पण टिकले नाहीत.

एरवी दोघी जावांचं बरं चालायचं. दुपारी एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या, एका ताटात जेवायच्या. पण अधूनमधून गोजराचं काहीतरी बिनसायचं. सकाळी उठायची तीच अंग जड घेऊन. चोळी छातीला दुखेपर्यंत घट्ट वाटायची, कंबर धरून यायची. भाजलेली सुकट कितीही खाल्ली तरी आणखी हवीशी वाटायची. आणि मग पुतळाचं हसणं तिच्या कानात खुपायला लागायचं. ही मलाच हसते. हिनं माझी सासू घेतली, आता माझी पोरगीही हिच्याच मागं फिरते. काशीनं नुसतं "काकी, वेणी घाल ना" म्हटलं तरी गोजराच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्याच दमात हात उगारला जायचा.

एका उन्हाळ्यात मिठागरावर हे सगळं चव्हाट्यावर आलं. पाटी भरली की जो जवळ असेल तो ती उचलून बाईच्या डोक्यावर देतो, ही तिथली रीतच. त्या दिवशी पुतळाजवळ कान्हा होता. नात्यानं तो मोठा दीर. तिच्या तोंडाकडं बघून तो कधी बोलतही नसे. त्यानं मान खाली घालून पाटी उचलून दिली आणि वळला. पलीकडच्या बांधावरून गोजरानं ते पाहिलं. तिनं आपली भरलेली पाटी तशीच चिखलात आपटली.

"तिची पाटी उचलाला बरा हात फुडं येतो तुमचा! माझी पाटी कोन उचलतं, कदी बगितलं?"

मिठागर थांबलं. कान्हा गोरामोरा झाला. मुकादम सांडलेल्या मिठाकडं बघून ओरडायला लागला. पुतळा मात्र डोक्यावरची पाटी सांभाळत राशीकडं चालत राहिली, आणि तिचं ते शांत चालणं गोजराला सगळ्यात जास्त झोंबलं.

सखूनं ओळखलं ते एवढंच, की सुनेला बाहेरचं काहीतरी लागलंय. तिनं वामन भगताला बोलावलं. कोंबडी कापली, अंगारा लावला. दुसऱ्याच दिवशी गोजरा बाजूला बसली, आणि पाळी सुरू झाली तसं तिचं डोकं हलकं झालं. मागच्या पडवीत बसून ती काशीसाठी गोधडी शिवायला लागली. सखूनं गावभर वामनचं नाव केलं. पुढल्या महिन्यात पुन्हा आरडाओरडा, पुन्हा वामन, पुन्हा कोंबडी. कोंबड्या कमी होत चालल्या, गोजरा होती तशीच राहिली.

मग एके सकाळी पुतळा दुसऱ्या खेपेला गरोदर असल्याचं घरात कळलं. गोजरानं ते ऐकलं आणि हातातलं पातेलं भिंतीवर फेकलं. "मना या घरात जेवाचं नाय. माझी चूल येगली करा. आज, आत्ता!"

कान्हानं समजावलं. गोटीराम हात जोडून उभा राहिला. गोजरा ऐकेना. दिवसभर ती रडली, जेवली नाही, शेवटी माहेरी निघून जाईन म्हणाली. थकून कान्हानं मान डोलावली. भांडी वाटली गेली. पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून नवी चूल झाली. सखू उंबऱ्यावर बसून पदर तोंडाला लावून रडत होती.

दुसऱ्या दिवशी गोजराला पाळी आली. आता नव्या चुलीला शिवायचीही सोय नव्हती. मागच्या पडवीत गोणपाटावर बसून ती समोरच्या त्या तीन दगडांकडं बघत होती. एवढं काय झालं होतं आपल्याला? पोटुशी बाईसमोर आपण पातेलं फेकलं? काल जे डोंगराएवढं वाटत होतं ते आज शोधूनही सापडेना. पण हे सांगणार कोणाला, आणि कुठल्या तोंडानं?

दुपारी पुतळा भाकरी आणि कालवण घेऊन आली. ताटली लांबूनच सरकवून ती तिथंच टेकली.

"बाय, एक बोलू? मारशील नाय ना?"

गोजरा गोणपाटाचा सुटलेला धागा ओढत राहिली.

"तू भायेर बसाच्या आदी असंच होतं तुझं. दर टायमाला. मिठागरावर पाटी टाकलीस, तवा पन दुसऱ्या दिवशी बसलीस. वामनच्या कोंबडीनं काय होत नाय. ती कापली नाय तरी तू दुसऱ्या दिवशी बरी होशील. तुझं ताट मीच आनते ना, म्हनून मना ठावं."

गोजराच्या कानशिलाला आग लागली. म्हणजे हिलाच ठाऊक! आपलं अंग आपल्याला कळत नाही, आणि ते या ठेंगणीला कळतं! "तुझं होतं काय असं?" तिनं दरडावून विचारलं.

"नाय गो. मना तर आलेलं पन कलत नाय."

हेही हिचंच सुख. गोजरानं ताटली ओढली आणि तोंड फिरवून जेवली. पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नाही.

पुढच्या वेळी पुतळा विहिरीवर हळूच म्हणाली, "बाय, आज तू मिठागरावर नको येऊस. घरीच ऱ्हा." गोजराला ते चपराकीसारखं लागलं. त्या दिवशी ती हट्टानं गेली आणि मुकादमाशी भांडून आली. त्यानंतर तिनं मनाशी ठरवलं, की पुतळाला हे सांगायची संधीच द्यायची नाही. तिच्या आधी आपणच ओळखायचं.

अशी ती निव्वळ जळफळाटापायी आपल्या अंगाकडं लक्ष द्यायला लागली. हाताला सूज चढून बांगड्या रुतायला लागल्या की समजायचं. सुकटीची भूक लागली की समजायचं. काशीचं साधं बोलणं टोचायला लागलं की नक्कीच समजायचं. मग पुतळानं तोंड उघडायच्या आत ती स्वतःच सांगून टाकायची, "मी आज खाडीवर चिंबोऱ्या धराला चालले. कोनी माझ्या मागं येवाचं नाय." ओहोटीला खेकडे धरायला एकटीच चिखलात उतरायची. तिथं चिंबोऱ्यांना शिव्या घातल्या तरी कोणाला लागत नव्हत्या. घरी आली की तव्यावर खडेमीठ गरम करून फडक्यात बांधायची आणि कंबर शेकून निजायची. एक गोष्ट तिनं कान्हालाही बजावली, "त्या दिवसांत मी काय पन मागितलं, तर द्याचं नाय. चार रोजांनी परत मागितलं, तर बगा."

रडणं थांबलं असं नाही. कधी पहाटे उगाच हुंदके यायचे, कधी एखादं मडकं फुटायचं. पण आता हे येणार आणि जाणार, एवढं तिला कळायचं. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडला. वामनला बोलावणं सखूनं सोडलं. नव्या चुलीवर गोजरा थोडे दिवस रांधत राहिली, मानी होती म्हणून. पुतळा बाळंत झाली तेव्हा मात्र तिच्यासाठी पेज करायला ती मोठ्या चुलीपुढं बसली आणि मग तिथंच राहिली.

मत्सर मात्र गेला नाही. तो काही सगळाच पाळीचा नव्हता, हेही तिला हळूहळू कळलं. पुतळाला दुसराही मुलगा झाला तेव्हा महिन्याचे चांगले दिवस होते, अंग हलकं होतं, तरी काळजात कळ उठलीच. फरक इतकाच, की या वेळी तिनं काही फेकलं नाही. नाव ठेवायच्या दिवशी तिनंच पाळणा बांधला.

काशीचं लग्न झालं तेव्हा गावातल्या काही पोरांनी कारखान्यांत नोकऱ्या धरल्या होत्या. नवरा तसाच, कारखान्यातला. पाठवणीच्या वेळी काशी आधी काकीच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सुटेना. गोजरा बाजूला उभी राहून बघत होती. वऱ्हाड गेल्यावर दोघी मांडवात भांडी आवरायला बसल्या.

"मना जळाला झालं," गोजरा एकदम म्हणाली. "तुझ्या गळ्यात आदी पडली म्हनून."

पुतळानं तिच्याकडं बघितलं. "आज हाय काय तुझं?"

"नाय. आज कायच नाय. नुसतंच जळाला झालं."

पुतळाला हसू फुटलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "माझ्या गळ्यात पडून काय बोलली, ठावं हाय? आईला जेवाला घाल, सकालपासून उपाशी हाय, असं बोलली."

पुतळानं उरलेल्या भाताचं पातेलं पुढं ओढलं, एका ताटात दोघींना वाढलं, आणि दोघी जेवायला बसल्या.