हापशाचा कागद

"हे वाचणार कोण, साहेब?" टाइपरायटरवरची बोटं थांबवून बाई विचारायच्या.

दुष्काळ होता. जिल्हा नवा, कचेरी नवी, मी तिथला कारकून, आणि आमच्या साहेबांना हापसे दुरुस्तीचा जाडजूड ग्रंथ काढायचा होता. 'उपरोक्त घटक विलग करून' असली भाषा. तुम्हीही कचेऱ्यांच्या कपाटांत असे ग्रंथ पाहिले असतील.

"तुम्ही फक्त टाइप करा," साहेब म्हणायचे.

बाई उमरीकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या; घरातली पहिली सरकारी नोकरी त्यांची. एका रविवारी त्या मिस्त्र्यांच्या जीपमधून औशाकडे गेल्या आणि दिवसभर हापशाजवळ बसून राहिल्या.

"काम कुठं अडून राहिलं, दादा?"

"पाइप खोलायच्या आधी त्याला धरणारा शिकंजा कसला न्हाई, की समदे पाइप बोअरमंदी जातेत, बाई. मग हापसा मेला म्हणा."

बाईंनी एकच कागद केला. चार चित्रं, पहिलंच शिकंजा कसण्याचं; मोठी अक्षरं. प्रत्येक ओळ त्याच मिस्त्र्याला वाचून दाखवली. त्याला अडला तो शब्द खोडला. स्टेन्सिल कापून प्रती काढल्या. आठवड्याभरात तो कागद प्रत्येक मिस्त्र्याच्या खिशात होता, तेलानं काळा झालेला.

तपासणीला आलेल्या वरच्या साहेबांना तो दिसला. "परवानगी कुणाची?" बाईंना मेमो मिळाला, सरकारी स्टेन्सिल वाया घालवल्याबद्दल. कागद परत गोळा करायचा हुकूम आमच्या साहेबांनी काढला. गोळा मी केले. एकेकाच्या खिशातून काढून घेतले.

पुढच्याच महिन्यात किल्लारीकडच्या एका गावात नवख्या मिस्त्र्यानं शिकंजा न लावताच पाइप खोलला. सगळे पाइप आत गेले. गावात तेवढा एकच हापसा. बायका भर उन्हात शेजारच्या शिवारातून पाणी वाहू लागल्या. चौकशीत निष्कर्ष निघाला: मिस्त्र्यानं साहेबांचा छापून आलेला ग्रंथ वाचला नव्हता. त्याला घरी बसवलं.

बाई तडक आमच्या साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"त्याच्या खिशातला कागद काढून घेतला तुमी! आन आता त्यालाच वाचला न्हाई म्हणता? त्या बायांच्या डोक्यावर हंडे कुणी दिले, ते लिहा की चौकशीत!"

साहेबांनी ते लिहिलं नाही. बाईंच्या बदलीचा हुकूम मात्र लिहिला.

स्टँडवर त्यांना सोडायला कचेरीतलं कुणी गेलं नाही. पाच-सहा मिस्त्री आले होते, घरी बसवलेलाही. त्यानं त्यांची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. मी उशिरा पोचलो.

"तुमी आलात?" बाईंनी खिडकीतून एवढंच विचारलं.

मी खिडकीकडे सरकलो. तोवर गाडी हलली होती.