डी ड्राइव्हमधली मुलगी
सोल्डरिंगचा वास आला की थेरगावातलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं. आमची मुलगी अकरा महिन्यांची असताना तापानं गेली. तिचे सगळे फोटो, व्हिडिओ मी लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवले होते आणि तो ड्राइव्हच उघडेना, म्हणून लॅपटॉप तिथं दिला होता. चाकणची शिफ्ट संपवून मी बायकोला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी दोन दिवस खपून फायलींची नावं परत आणली होती, पण उघडल्यावर नुसता काळा पडदा. एकच व्हिडिओ चालला. "बाळा, इकडं बघ," असा बायकोचा आवाज आला आणि पाठमोरी मुलगी वळण्याआधीच चित्र थांबलं. "भाऊ, याच्यापुढं काही राहिलं नाही," चाचा हळूच म्हणाले. बायकोनं विचारलं, "मोबाइलमधले कशाला पुसले तुम्ही?" मी म्हणालो, "मेमरी फुल झाली होती." खरं तेवढंच होतं. आता मुलीचा चेहरा आठवू पाहतो, तर ती पाठमोरीच दिसते.