सोंग पकडणारे डॉक्टर

बोलता बोलता डॉक्टरांच्या हातून रुमाल खाली पडायचा. समोर कंबर धरून कण्हत बसलेला कामगार अदबीने वाकून तो उचलून द्यायचा, आणि डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणायचे, "कंपाउंडर, सोंग आहे! उद्या कामावर."

मिलच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली औषधं द्यायचो. शिमगा जवळ आला की गावी जायच्या रजेसाठी अर्ध्या साचेखात्याची, म्हणजे मागांवरच्या कामगारांची, कंबर धरायची, आणि डॉक्टरांना भलताच हुरूप यायचा. "आजार कुणीही ओळखेल रे, सोंग ओळखायला नजर लागते," असं ते म्हणत. रजा नाकारलेले लोकसुद्धा बाहेर जाऊन हसायचे. स्वतःच्या नजरेवर इतका खूष असलेला माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल.

संप झाला, मिलला कुलूप लागलं. डॉक्टरांनी लालबागला आमच्याच चाळीत तळमजल्यावर खोली घेऊन दवाखाना थाटला आणि मलाही बोलावलं. संपकऱ्यांच्या बायका पोरांना घेऊन येऊ लागल्या. रजेचा दाखला आता कुणालाच नको होता, पण डॉक्टरांची नजर तीच राहिली.

एका सकाळी वरच्या मजल्यावरची मालवणी बाई पहिलीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीला ताप होता, मान एका बाजूला कलली होती.

"चेडू पेज पण गिळणा नाय, डॉक्टर," आई म्हणाली.

मुलगी तोंड उघडेना. डॉक्टरांनी एकदम छताकडे बोट केलं. "अगं, ती पाल बघ केवढी!" मुलीने नुसते डोळे वर केले. मान काही हलवली नाही.

"हट्टी आहे. पालीलाही फसत नाही. शाळा चुकवायची असेल. सोंग आहे हो, घेऊन जा घरी," असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी तिची मान सरळ केली. ती किंचाळली. मी तापाचं औषध बाटलीत भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी आई तिला उचलून धावत आली. मुलीच्या तोंडातून लाळ गळत होती, श्वासाला घरघर लागली होती. डॉक्टरांनी पोरीला उचलून टॅक्सी केली आणि थेट परळचं इस्पितळ गाठलं. मीही बरोबर होतो. तिथल्या सर्जन मॅडमनी एक्स-रे बघून विचारलं, "ही मान वर करत होती का?"

"नव्हती करत," डॉक्टर म्हणाले.

घशाच्या मागे, खोलवर पू साठून श्वासनलिका दबली होती. पू फुफ्फुसात उतरू नये म्हणून मॅडमनी तिला भूल देऊन डोकं खाली लोंबतं ठेवलं आणि तोंडातूनच चीर देऊन तो काढला. मुलगी वाचली.

डॉक्टर रोज वॉर्डच्या दारापर्यंत यायचे आणि मलाच आत पाठवायचे. "तू बघून ये. मला नाही जमत." चाळीत मात्र बोलबाला झाला की डॉक्टरांनी स्वतः उचलून नेली म्हणून पोर वाचली. स्तुती ऐकून इतका खजील होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिन्यात कुणी नमस्कार केला की ते स्वतःच्या चपलांकडे बघत राहायचे.

गणपतीत चाळीने त्यांचा सत्कार ठरवला. त्यांनी नको नको म्हटलं, पण ऐकतो कोण! खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग डॉक्टर बोलायला उभे राहिले.

"या पोरीला मान हलवता येत नव्हती. मी तिला सोंगाडी म्हटलं आणि तीच मान धरून फिरवली. मला फार लाज वाटते."

टाळ्या वाजल्याच नाहीत. बायकांच्या रांगेतून मुलीची आई उठली.

"तुमी सोंग म्हणालास म्हणान मियां घराक नेऊन तिका मारलंय, डॉक्टर. ता मी कोणाक सांगू?"

डॉक्टर मंचावरून खाली उतरले. मुलगी पुढेच सतरंजीवर बसली होती. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, तशी तिने दोन्ही हातांनी आपली मान झाकली आणि मागे सरकली. "नाही हं, नाही हात लावत," असं पुटपुटत ते बाजूला झाले.

त्यानंतर कुठल्याही पोराला तपासण्याआधी ते त्यालाच विचारायचे, "हात लावू का?" पोर हो म्हणेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. दवाखाना कायमचा बंद करून ते गावी गेले तोवर हे असंच चाललं.

ती मुलगी मात्र परत आमच्याकडे आली नाही. आई तिला पार दादरला हिंदमाताजवळच्या डॉक्टरकडे घेऊन जायची, आमच्या दारावरूनच. त्या आईला जाताना बघून डॉक्टर एकदा म्हणाले, "बरोबर करते ती."