अर्ध्या कोयत्याचा अर्ज

विद्यापीठात जबाब कसा घ्यायचा हे शिकवायला आम्हाला एक निवृत्त फौजदार येत. फळ्यावर ते काही लिहीत नसत. खिशातून घडी घातलेला कागद काढायचे, न उघडता परत खिशात ठेवायचे, की तास सुरू झाला असं आम्ही समजायचो. त्यांचं एकच म्हणणं असे. जबाब लिहिणं हे अर्धं काम, आणि ज्याचा आहे त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवणं हे उरलेलं अर्धं. म्हणून प्रत्येक जबाबाच्या शेवटी ती ओळ असते: माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ही ओळ मी पहिल्याच आठवड्यात पाठ केली. मोठ्यानं वाचायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढीच इच्छा होती.

पोलीस प्रशासन आणि फौजदारी न्याय हा विषय मी घेतला तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. आई फक्त म्हणाली, "ही दुकानात पेन मागायला मला पुढं करते. चोराला काय विचारणार?"

"चोर बोलेल की," वडील म्हणाले. "ही ऐकून घेईल."

वडील सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, शाळाही कॉलनीतलीच, इंग्रजी माध्यमाची. घर, शाळा, खेळायचं मैदान सगळं एकाच भिंतीच्या आत होतं, आणि त्या भिंतीबाहेर पाहायची मला फारशी गरज पडली नव्हती.

दुसऱ्या वर्षी महिनाभर पोलीस ठाण्यात प्रात्यक्षिक करावं लागे. मला बीड जिल्ह्यातलंच एक लहान ठाणं मिळालं, घरापासून एसटीनं पाऊण तासावर. पाऊस सलग दोन वर्षं झाला नव्हता. उसाअभावी कारखान्याचा बॉयलर पेटणार नव्हता आणि वडील रिकाम्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसत बसत. ठाण्याच्या पाण्याच्या टाकीला कुलूप होतं. त्याची किल्ली जमादारांच्या पट्ट्याला असे. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली मात्र भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली असायची.

जमादार निवृत्तीला आलेले, मूळचे शेतकरी. त्यांनी माझी वही उलटसुलट पाहिली.

"अक्षर लई देखणं हाय. बोलता येतं का?"

मी हो म्हणाले.

"काय म्हनल्या?" त्यांनी शेजारच्या महिला शिपायाला विचारलं.

"हो म्हनल्या."

त्यांनी मला बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसवलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज मी लिहायचे, हे माझं काम ठरलं. ठाण्यातली मराठी मला नवीन होती. पहिले दोन दिवस 'सदर' हे कुणाचं तरी आडनाव आहे आणि हा माणूस पुष्कळ गुन्हे करतो, असा माझा समज होता. मग मी वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून ठेवू लागले. इसम, मजकूर, मुद्देमाल. एक शब्द मात्र मी तिथं लिहिला नाही, कारण तो मला येतो याची मला खात्री होती.

तो शब्द कोयता. लहानपणी जेवताना वडील म्हणायचे, "यंदा कोयते कमी आले," आणि माझ्या डोळ्यांपुढे कारखान्याच्या आवारातला कोयत्यांचा ढीग यायचा, दरवर्षीपेक्षा थोडा लहान. ऊसतोडीत कोयता म्हणजे एक जोडपं, हे आमच्या जिल्ह्यात शाळेत न गेलेल्या मुलालाही माहीत असतं. नवरा-बायको मिळून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, वाहतात. दोघांचा मिळून एक कोयता. त्यातलं एकटं उरलं की अर्धा कोयता. साखर कारखान्यात वाढून मला हे ठाऊक नव्हतं.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून लांबच्या कारखान्यांकडे निघायला लागल्या होत्या. एके सकाळी तिशीतली एक बाई बाकाच्या अगदी टोकाला येऊन बसली.

"अर्ज लिव्हायचाय, बाई."

"कशाचा?"

"अर्धा कोयता घरात न्हाई. आज तिसरा दिस. उद्या सकाळी ट्रक हाय, अन् मुकादम म्हनतो अर्धा कोयता मी नेत न्हाई. आमच्या जागी दुसऱ्यांला सांगून बी ठिवलंय त्यानं."

कोयत्याच्या तुकड्यासाठी पोलिसात कशाला यायचं, असं माझ्या मनात आलं. पण कुठलीही तक्रार लहान समजू नये हे आम्हाला शिकवलं होतं. हरवलेल्या वस्तूच्या अर्जात जे प्रश्न असतात ते मी क्रमानं विचारू लागले. ती नवऱ्याचं नाव घेणार नव्हती, 'त्यो' म्हणत होती. कोयताही 'तो', नवराही 'तो'. व्याकरणानं मला जराही सावध केलं नाही.

"किती जुना आहे?"

"पस्तिशीचा आसंल. माझ्याकडं बारा वर्सं हाय."

"त्याआधी कुणाकडे होता?"

"आईबापाकडं."

मी लिहिलं, वडिलोपार्जित.

"रंग?"

"काळाच. उन्हानं आनखी काळा पडलाय."

"धार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तोंडाला लई. हाताला न्हाई."

टोकाला धार जास्त, मुठीकडे कमी, असं मी लिहिलं.

"ओळखीची काही खूण?"

"उजव्या कानाला भोक. बाळी न्हाई त्यात."

कोयत्यालाही कान म्हणून काही भाग असेल, असं मी धरून चालले. माहीत नाही असं कबूल करायला बोलावं लागलं असतं.

"शेवटचा कुठे दिसला?"

"वट्यावर. भिताडाला टेकून हुता."

"कुणी नेला असा संशय?"

"नेतंय कोन? माझ्याबिगर कुनाच्या कामाचा न्हाई त्यो." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. अवजारावरही माणसं किती जीव लावतात, असं मला वाटलं, आणि मी पेन थांबवून तिला थोडा वेळ दिला.

"त्याच्यासोबत घरातलं आणखी काही गेलं का?"

हा प्रश्न तिला अवघड गेला. बोटांवर काहीतरी आठवत ती म्हणाली, "बाजरी. पिशवीभर आसंल. अन् गुळाचा मोठा खडा."

तेही लिहिलं. आता वाचून दाखवायला हवं होतं. पण बाकाभोवती चार माणसं आपापले कागद घेऊन उभी होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मी शाईची डबी पुढे केली, तिचा अंगठा घेतला आणि कागद आत नेऊन जमादारांच्या टेबलावर ठेवला.

जमादारांना मनात वाचता येत नसे. त्यांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. 'वडिलोपार्जित'पर्यंत ते सरळ वाचत गेले. मग आवाज मंदावला. धारेपाशी महिला शिपायानं चहाचा कप खाली ठेवला. कानाच्या भोकापाशी ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ताई, ह्यो कोयता जेवतो का?"

ती बाई माझ्यामागून दारापर्यंत आली होती. जमादार तिला म्हणाले, "अन् तू गं, मालकाच्या तोंडाला धार हाय म्हनून सरकारात लिहून देतीस?"

"तिनं इचारलं, मी सांगितलं सायेब. मला वाटलं, हितली पद्धतच आसंल."

सगळं ठाणं हसलं. कोठडीच्या गजांमागं बसलेला एक जणही हसला. मग जमादारांनी मला कोयता म्हणजे काय ते सांगितलं, आणि ते ऐकताना वडिलांचे सगळे कमी-जास्त कोयते माझ्या डोळ्यांपुढे उठून चालायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले.

जमादारांनी हरवलेल्या माणसाचा फॉर्म काढला. पण तो भरायच्या आधी त्यांनी माझा कागद पुन्हा उचलला. आता ते हसत नव्हते.

"बाजरी अन् गूळ. भांडान झालतं का?"

"झालतं," ती म्हणाली. "गाय इकली म्हनून. चारा कुठला आनू? आमी दोघं सहा म्हैने ऊस तोडाया जानार, तिला कोन बघंल? म्या इकली. त्यो तवापासनं बोलंना."

"गाभन हुती?"

"दिस भरत आल्ते."

"मग झालं की." जमादारांनी चष्मा काढला. "व्यालेल्या गाईला बाजरीच्या घुगऱ्या अन् गूळ घालत्यात. हा बाबा बाळंतपनाला गेलाय. कुनाला इकली?"

तिनं शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथली सगळी जनावरं दूध सोसायटीच्या चारा छावणीत होती. जमादारांनी दोन-तीन फोन करून सोसायटीच्या सचिवाला गाठलं. सचिवाचा आवाज टेबलापलीकडेही ऐकू येत होता.

"हाय की हितं. मालक न्हाईस म्हनून दोनदा हाकलला, पुन्यांदा येऊन बसतो. आता आमी बी नाद सोडला. गाय त्याच्याच हातचं खाती."

नवऱ्याला फोनवर बोलावलं. बायकोनं फोन कानाला लावला आणि एवढंच विचारलं, "का म्हनून सांगून गेला न्हाईस?" पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाली, "व्याल्याबिगर येत न्हाई म्हनतो."

"अन् ट्रक?" जमादार म्हणाले.

"ट्रक सकाळी नऊला. यस्टी कवा हाय तिकडं?"

"घावला की जाताना ट्रक हितं थांबवा, जबाब लागंल," जमादार म्हणाले. ती गेली. तिची पाठमोरी घाई मी लिंबाखालून बघत राहिले. जमादारांनी डायरीत नोंद केली आणि जाता जाता म्हणाले, "मिसिंगच्या फॉर्मात घरातलं धान्य आमी कधी इचारत न्हाई. इचारलं ते बरं केलं." चूक झाली म्हणून शाबासकी घ्यावी की नाही, हे मला ठरवता आलं नाही. त्या संध्याकाळी जेवताना मी वडिलांना विचारलं, गाय व्यायला किती वेळ लागतो. त्यांनाही माहीत नव्हतं. "आपण साखरेकडचे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पहिली एसटी पकडली. नऊ वाजले. साडेनऊ झाले. दहाच्या सुमारास एक ट्रक ठाण्यासमोर येऊन थांबला. वर माणसं, पत्र्याच्या पेट्या, हंडे, दोन शेळ्या. केबिनमधून मुकादम उतरला आणि कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणाला, "एका गाईपायी तासभर थांबलोय. आता पोलिसात काय हाय?"

"जबाब हाय," जमादार म्हणाले. "मानूस मिळून आला, तसं लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या जोडीचं काय झालं?"

"त्यास्नी मागल्या गाडीत बसवलं. ह्ये दोघं चांगलं तोडत्यात म्हनून."

मागून ती उतरली. तिच्यामागून एक माणूस उतरला, अंगाला शेणाचा वास, डोळे झोपेनं लाल. मी आधी त्याचा उजवा कान बघितला. भोक होतं.

मी बाकावर बसून तिचा जबाब लिहिला. या खेपेला सोपा होता. सदर इसम स्वखुशीने गेला, स्वखुशीने परत आला, कुणाविरुद्ध तक्रार नाही. जमादार माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"वाचून दाखवा, ताई."

मी वाचायला लागले.

"मोठ्यानं, बाई," ट्रकच्या वरून एक म्हातारी म्हणाली. "मागं आयकू येत न्हाई."

"धारंचं हाय का त्यात?" कुणीतरी विचारलं. कालची गोष्ट ट्रकभर झालेली दिसत होती. तो माणूस खाली मान घालून हसत होता. मी उभी राहिले आणि आवाज चढवला. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण तिथला माणूस हातातलं टायर सोडून बघू लागला. शेवटच्या ओळीशी मी थांबले.

"बरोबर आहे का?"

"एक ऱ्हायलं," ती म्हणाली. "कालवड झाली. पांढऱ्या टिळ्याची. त्ये लिव्हा."

कालवडीचा जबाबाशी काही संबंध नव्हता. मी जमादारांकडे बघितलं. ते लिंबाकडे बघत होते. मुकादमानं हॉर्न वाजवला. मी ती ओळ घातली, आणि मजकूर बदलला म्हणून जबाब पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवला.