मुंजाबाची दमणारी व्हॅन

मुंजाबाच्या लेखी व्हॅन म्हणजे एक मोठं मेंढरूच होतं. दौलताबादपासून कन्नडच्या घाटापर्यंत मेंढरांमागं अर्धं आयुष्य काढलेला माणूस. दुखणं ओळखायची त्याची रीत एकच: जवळ बसायचं, कान लावायचा आणि सावलीत न्यायचं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी डोंगरावर चरायला दगडच उरले, तेव्हा त्यानं कळप विकून ही जुनी, पेट्रोलवरची व्हॅन घेतली. लायसन काढताना साहेबानं विचारलं, याआधी काय चालवलंय? यानं सांगितलं, मेंढरं. तरी पास झाला.

तिकडं शेंद्र्याला कंपन्या उगवत होत्या. पावसाशिवाय उगवणारं त्या साली तेवढं एकच पीक. करमाडजवळच्या मुंजाबाच्या गावातल्या सहा-सात बाया तिथं झाडलोट आणि पॅकिंगच्या कामाला लागल्या, त्यात त्याची बायको राजाबाईही. मुंजाबा सगळ्यांना सकाळी सोडायचा, संध्याकाळी आणायचा. येताना प्रत्येकीजवळ कंपनीच्या नळावर भरून घेतलेला पाण्याचा कॅन असायचा, कारण गावात टँकर कधी येणार ते टँकरलाच ठाऊक. मागची सीट काढून तिथं कॅन ठेवले जात आणि ते कलंडू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये राजाबाई मांडी घालून बसायची. मालकाची बायको म्हणून मिळालेली ही खास जागा.

उन्हाळ्यात व्हॅननं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी तुरुतुरु जायची आणि संध्याकाळी जालना रोडवर मध्येच मान टाकायची. मुंजाबा बायांकडून ढकलून घेत तिला लिंबाखाली उभी करायचा, तास-अर्धा तास थांबायचा, आणि गंमत म्हणजे गाडी खरंच चालू व्हायची. दमती बिचारी, असं तो सांगायचा. बाया दिवसभर झाडून दमलेल्या, वर गाडी ढकललेली. त्यांना बिचारी म्हणायला मात्र कुणी नव्हतं.

चिकलठाण्याच्या अंगद मिस्तरीनं त्याला समजावलं होतं. बोअरमध्ये मोटर सोडतात ना, तशीच एक छोटी मोटर पेट्रोलच्या टाकीत असते, ती पेट्रोल इंजिनाकडं ढकलते, ती गेली असणार. मोटर जाणं म्हणजे काय, हे त्या साली गावात कुणाला समजवावं लागत नव्हतं. मोटर बदलली. दोन दिवस बरे गेले आणि व्हॅन पुन्हा लिंबाखाली.

शनिवारी सगळ्यांत थोरली सारजाबाई शांतपणे म्हणाली, "मुंजाभाऊ, राग मानू नका. सोमवारपासून आमी अप्पारावच्या जीपनं जाऊ."

अप्पाराव जीपमध्ये कॅन घेत नव्हता, पण माणसं वेळेवर घरी पोचवत होता. बाया गेल्या तर व्हॅन दारात उभी राहणार आणि परत वळायला मेंढरंही उरली नव्हती. त्या दिवशी मुंजाबाला भाकरी गोड लागली नाही.

रविवारी त्यानं अंगदचं गॅरेज गाठलं. ढकलायला कुणी तरी हवं म्हणून राजाबाईला सोबत घेतलं. पण डॉक्टरपुढं बसलं की ताप उतरावा, तशी व्हॅन एकदम शहाणी झालेली. अंगदनं किल्ली फिरवली, मुंजाबानं खाली आडवं होऊन टाकीला कान लावला. घुर्रर्र. मोटर ठणठणीत.

अंगद म्हणाला, "मामा, गाडीला काय बी झालं नाय. तुमालाच ऊन लागलंय."

तेवढ्यात राजाबाई बोलली. "माझं लुगडं भिजलं की गाडी थांबती."

मुंजाबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आगं, गाडीला तुझ्या लुगड्याचं काय?"

"ते तुमी सांगा. मागं मी बसते. कॅनांना झाकणं नायत, नुसत्या पिशव्या बांधलेल्या. खड्डा आला की हिंदकळतंय, माझ्याखाली तळं होतंय. तळं झालं की जरा वेळानं गाडी बंद."

अंगदचं हसू थांबलं. मागच्या पत्र्यावर पाणी ओता, म्हणाला. प्यायचं पाणी पत्र्यावर ओतायला त्याचाच हात धजेना, तेव्हा राजाबाईनं तोंड फिरवून आपली पाण्याची बाटली उपडी केली. मग खड्ड्याखड्ड्यांतून एक फेरी, आणि वळणावर व्हॅन मुकी. गाडी बंद पडली म्हणून माणसाला हायसं वाटायची ही पहिलीच वेळ असेल.

मुंजाबानं कान लावला, मोटर गप्प होती. अंगदनं तिच्याकडं येणाऱ्या वायरीला टेस्ट बल्ब लावला, तर बल्ब लख्ख पेटला. करंट येतोय आणि मोटर फिरत नाही.

"मंजी ही बी मोटर गेली?" मुंजाबानं विचारलं.

"थांबा मामा. करंट येतो तसा त्याला परत जायला बी वाट लागती."

मुंजाबाला हे लगेच कळलं. मेंढरांच्या वाडग्याचं फाटक लागलेलं असलं की कळप वाटेवरच तुंबतो. अंगदनं बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर ओढून मोटरीच्या परतीच्या काळ्या वायरीला टेकवली. घुर्रर्र.

मागची मॅट उचलली. राजाबाईच्या बैठकीच्या बरोबर खाली त्या काळ्या वायरीचा बोल्ट पत्र्याला आवळलेला होता. गंजानं फुगलेला, वायर एका तारेवर लोंबकळत. ओल आणि हादरा मिळाला की ती सुटायची, सावलीत वाळून थंड झाली की पुन्हा टेकायची. सावलीचा गुण खरा होता, रोग तेवढा वेगळा. साऱ्या मुलखात पाण्यावाचून सगळं बंद पडत होतं आणि ही बया पाण्यानं बंद पडत होती.

अंगदनं पत्रा चकचकीत घासला, नवी वायर घालून करंटची ती परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, वर कोरड्या जागी घेतलं. मुंजाबा म्हणाला, अजून एकदा पाणी ओतून बघू. राजाबाईनं बाटली पदराआड केली. शेवटी पंक्चरच्या टबातलं काळं पाणी ओतलं आणि तीच फेरी मारली. व्हॅन थांबली नाही. मुंजाबानं उगाच दुसरी फेरी मारली, मग तिसरी. अंगदनं हात जोडून त्याला घरी पाठवलं.

सोमवारी बाया जीपची वाट बघत उभ्या होत्या. मुंजाबा म्हणाला, फक्त आजचा दिवस बसा, थांबली तर मीच तुमाला जीपला लावून देतो. गाडीत कुणाच्या कॅनातलं पाणी सांडत होतं, हे सांगायला राजाबाईनं तोंड उघडलं होतं, पण त्यानं डोळे वटारले. कॅनांना झाकणं लावा, एवढंच तो बोलला.

संध्याकाळी पूर्ण भरलेली व्हॅन जालना रोडला लागली. मुंजाबाचा एक कान रस्त्यावर, एक टाकीकडं. खड्डे आले, पाणी हिंदकळलं, लिंब मागं पडला. आणि मागून एक विचित्र घरघर ऐकू आली. त्याच्या काळजाचं पाणी झालं. आरशात बघितलं तर सारजाबाई खिडकीला डोकं टेकून घोरत होती.

त्यानं गाडी जरा हळू घेतली, तिची झोप मोडू नये म्हणून.